दोन मोर

त्या काचेच्या पेटीजवळ मी थांबलो नसतो, तर हे लिहिलं गेलं नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये जुन्या नाण्या-नोटांचं प्रदर्शन लागलं होतं. एका निवृत्त मास्तरांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं टेबलांवर मांडलेलं. बायको समोर भाजी घेत होती आणि सोलापूरचं ऊन, म्हणून मी आपला पंख्याखाली उभं राहायला आत शिरलो. शेवटच्या पेटीत परदेशी कागद होते. त्यात रुपयाएवढा एक गोल पुठ्ठा, त्यावर चिकटवलेलं तिकीट. शेजारी तळहाताएवढा मळका कागद, त्यावर कुठल्याशा गावाचा शिक्का आणि खाली शाईची सही.

मास्तर जवळ आले. म्हणाले, "हे स्पेनचं. तिकडं आपसातलीच लढाई पेटली होती. लोकांनी नाणी घरात दडवून ठेवली, सुटे मिळेनात, बाजार बसायला लागला. मग एकेका गावानं आपापल्या नोटा काढल्या. गावाचा शिक्का, कारकुनाची सही, झाली नोट. वेशीबाहेर कुणी विचारायचं नाही, पण गावात भाकरी मिळायची."

"मग पुढं काय झालं त्यांचं?"

"ज्यांनी लगेच खर्चल्या ते सुटले. ज्यांनी विश्वासानं जपून ठेवल्या ते बुडाले," मास्तर सहज म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मी त्या सहीकडे बघत राहिलो. मी कारकूनच आहे. आणि तसली नोट मी काढलेली आहे. लढाई वगैरे काही नसताना, सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात, ज्या वर्षी पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या त्या वर्षी.

मी मूळचा वैरागकडचा. बी.कॉम. करून पूर्व भागातल्या त्या कारखान्यात हिशेबाला लागलो. पगारपत्रक, सुताची आवक, मालाची जावक, सगळं माझ्याकडे. कारखान्यात बहुतेक सगळे तेलुगू बोलणारे, मी एकटा मराठी. पहिला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. बोलायची ती एक बाई. तिला सगळे अक्का म्हणायचे. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. ती मला 'तम्मी' म्हणायची, म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ. तिच्या डब्यातला आंबाडीचा ठेचा मी किती वर्षं खाल्ला त्याचा हिशेब नाही.

अक्काचं काम पुठ्ठे ओवायचं. चादरीवर जो मोर दिसतो, तो मागाला पुठ्ठे सांगतात. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे नक्षीची एक ओळ. पुठ्ठा हातभर लांब, तीन बोटं रुंद, एका टोकाला त्याचा नंबर. भोकं पाडून झाली की ते पुठ्ठे नंबरवार दोरीने ओवावे लागतात. एक पुठ्ठा मागेपुढे झाला की मोराची मान मोडते. अक्काचा नवरा आमच्याकडेच पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा. तो गेला, त्याचं हाताचं मशीन तिच्या घरी तसंच पडून राहिलं, आणि ती ओवत राहिली. मी नवा असताना तिने मला ओवायची गाठ शिकवली होती. "हिशेब चुकला तर पुसता येतो तम्मी, हे न्हाई येत," असं म्हणून हसायची. ती गाठ दिसायला साधी, पण ओढलं की आवळते आणि उलटं ओढलं की एका झटक्यात सुटते.

नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्याच्या पगाराला मालकाकडे द्यायला नोटा नव्हत्या. बँक द्यायची ते चार लोकांना पुरायचं नाही. मजूर रांगेत उभे राहिले तर माग बंद, आणि माग बंद तर पगार कसला. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, मालकांनी चिठ्ठी दिली तर मी माल देतो, आठवड्याला चेकने भागवा. पिठाची गिरणीही तयार झाली.

पण चिठ्ठी कुणीही लिहील. मालकांना धास्ती ती. तेव्हा युक्ती मला सुचली. माळ्यावर मोराच्या जुन्या डिझाइनचे पुठ्ठे पडून होते. ते डिझाइन केव्हाच बंद झालेलं. मी म्हटलं, एकेक पुठ्ठा मधोमध आडवा कापायचा, कातर भोकांमधून जाईल असा. अर्धा मजुराला, अर्धा आपल्याला. नंबर एका टोकाला छापलेला आहेच, दुसऱ्या अर्ध्यावर पेनने लिहायचा. चिठ्ठी परत आली की त्या नंबरचा आपला अर्धा काढायचा आणि कड कडेला लावायची. अर्धी भोकं जुळून पुरी गोल झाली की चिठ्ठी खरी, मग दोन्ही अर्धे एकत्र बांधून ठेवायचे. वर मालकांचा शिक्का, खाली माझी सही. एक चिठ्ठी शंभर रुपयांची.

"डोकं हाय राव तुमाला," मालक म्हणाले. माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेलं पहिलं कौतुक.

चिठ्ठ्या चालल्या. इतक्या चालल्या की शेजारच्या कारखान्यांचे मालक बघायला आले. मी त्यांना दोन अर्धे जुळवून दाखवायचो. तेव्हा माझ्या अंगात जे काय भरलं होतं त्याला गर्वच म्हणतात, दुसरा शब्द नाही.

पहिला गठ्ठा संपला. मालक म्हणाले, आणखी काढा. मी माळ्यावरून मोराचाच दुसरा गठ्ठा आणला. मोर मोठा, पुठ्ठे शेकड्यांनी, तेव्हा हा उरलेला भाग असणार असं मी धरून चाललो. नंबर ताडून बघितले नाहीत. पहिल्या गठ्ठ्याचे आपले अर्धे मी एका खोक्यात नंबरवार लावले होते. या वेळी घाई होती. सगळे अर्धे पोत्यात भरून माळ्यावर टाकले, लागतील तेव्हा शोधू म्हणून. पण पोत्याकडे जायची वेळच आली नाही. परत आलेल्या प्रत्येक चिठ्ठीचा जोडीदार खोक्यातच सापडत गेला. हे नवल आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मी खूश होतो.

अक्का आपल्या चिठ्ठ्या खर्चत नव्हती. पुढे थोडी रोख यायला लागली आणि बाकीचे रोखच मागू लागले, तरी ती चिठ्ठीच मागून घ्यायची, म्हणून दुसऱ्या गठ्ठ्यातल्या थोड्याच वाटल्या गेल्या आणि त्याही बहुतेक तिच्याकडेच गेल्या. घर ती विड्यांवर चालवायची. कारखान्यातून घरी गेली की संध्याकाळी विड्या वळायची. एकदा मीच तिला म्हटलं, "अक्का, मोडून टाका की, कशाला साठवता?"

"पोरीचा कॉम्प्युटरचा क्लास हाय, तिची फी. सरकारची नोट कागद झाली. हिच्यावर तुझी सही हाय."

असं म्हणाली ती. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

नव्या नोटा हळूहळू आल्या आणि मालकांनी जाहीर केलं, अमुक पगाराला सगळ्या चिठ्ठ्या जमा करा, रोख घ्या, हे प्रकरण बंद. त्या दिवशी ऑफिसच्या दारात रांग लागली. बहुतेकांकडे एखाद-दुसरी. अक्काकडे एकोणीस. पदराच्या गाठीतून तिने त्या काढल्या, नंबरवार लावलेल्या. तिची सवयच ती.

पहिल्या पाच जुळल्या. सहावीचा नंबर खोक्यात काढला, तर त्याला आधीच एक चिठ्ठी बांधलेली, किराणावाल्याकडून आलेली. सातवी तशीच. आठवी. चौदा चिठ्ठ्या तशा निघाल्या. प्रत्येकीचा जोडीदार आधीच दुसरीबरोबर नांदत होता.

मालक खुर्चीतून उठून आले. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. तोच नंबर, तीच भोकं. शिक्का-सहीची नक्कल कुणीही करील, ही मालकांची धास्ती पहिल्यापासूनचीच.

"अक्का, पंचिंगचं मशीन तुमच्या घरी हाय ना?"

"हाय की. त्यांचं हाय."

"आणि जुनं पुठ्ठं?"

अक्काला तेव्हा कळलं की काय विचारताहेत. ती चिडली नाही. उलट हसल्यासारखी झाली. "मालक, तो मोर मी दोनदा ओवलाय. एक आठ नंबरच्या मागाला, एक नऊ नंबरच्या. दोन्हीवर तीच चादर निघायची. दोन मोर हायत की, सगळं नंबर दोन-दोन."

"दोन मोर," मालक रांगेकडे बघून म्हणाले. "उद्या लांडोर पण निघंल."

रांग हसली. कुणी तरी मागून म्हणालं, "अक्का, आमालाबी दोन हजाराची एक काढून द्या की."

अक्काने माझ्याकडे बघितलं. "तम्मी, तू सांग की."

इथे मी थांबतो, कारण इतकी वर्षं इथेच थांबलो आहे. स्वतःला सांगताना मी नेहमी असं म्हणायचो की गोंधळात मला सुचलं नाही, अर्थ मागाहून लागला. ते खोटं आहे. 'दोनदा ओवलाय' हे शब्द कानावर पडले त्याच क्षणी मला माळ्यावरचं पोतं दिसलं. जिना चढून मी ते खाली आणलं असतं तर पाच मिनिटांत अक्काच्या चौदाही चिठ्ठ्या जुळल्या असत्या.

मी खोक्यात बघितलं आणि म्हणालो, "खोक्यात एकच हाय, अक्का."

हे वाक्य शब्दाला शब्द खरं होतं. म्हणूनच ते मला इतकी वर्षं पुरलं.

का गप्प बसलो? नोकरी गेली असती असं म्हणता येईल, पण नसती गेली. मालक चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. शेजारचे मालक येऊन माझी युक्ती बघून गेले होते, आणि आता मजुरांच्या रांगेसमोर मला म्हणावं लागलं असतं की नंबर ताडायचं साधं काम मी केलं नाही. तेवढंच. एकोणीसशे रुपयांच्या गोष्टीत माझी लाज तेवढीच होती.

मालक म्हणाले, "पाच खऱ्या हायत, त्याचं पाचशे घ्या. बाकीचा तुमचा माल तुमच्याकडंच ठेवा."

अक्काने पाचशे घेतले नाहीत. एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या गोळा केल्या. "खऱ्या तर सगळ्या, न्हाईतर एक पण न्हाई," म्हणाली आणि पदरात बांधून गेली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. कुणी बोलवायलाही गेलं नाही.

सगळे गेल्यावर मी बेरीज मांडली. दिलेल्या चिठ्ठ्या किती आणि आलेल्या किती. अक्काच्या एकोणीस धरल्या की हिशेब बरोबर बसत होता. बनावट असत्या तर जास्त भरल्या असत्या. तो कागद मी खिशात घातला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, रंगाच्या बॉयलरवरचा माणूस जेवायला गेला असताना, माळ्यावरचं पोतं खाली आणून मी बॉयलरमध्ये घातलं. पुठ्ठा लवकर पेटत नाही. मी उभा राहून एकेक मूठ आत टाकत होतो.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही.

पुढचं ऐकीव. गल्लीत अक्काला 'रिझर्व बँक' म्हणायला लागले. दुसऱ्या कारखान्यांनी तिला पुठ्ठे ओवायला दिले नाहीत. हातात पुठ्ठा द्यायचीच सगळ्यांना भीती. नवऱ्याचं मशीन तिने भंगारात घातलं, तर लोक म्हणाले, बघा, पुरावा मोडला. ती दिवसभर विड्याच वळायला लागली.

तीनेक वर्षांनी सिव्हिलच्या औषधाच्या रांगेत ती मला भेटली. माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभी. खूप वाळली होती, खोकत होती. मी मागे सरकायला लागलो, तोवर तिने बघितलं.

"तम्मी, वैनी बरी हाय?"

"हाय, अक्का."

"वैरागला आई?"

"ती गेली, मागच्या साली."

"अगं बाई." मग ती दोन माणसं पुढे सोडून माझ्याजवळ आली. तिने आवाज चढवला नाही, रांगेतल्या कुणाला ऐकूही गेलं नसेल. "तू खोक्यात बघितलंस तवाच मला कळलं, तुला कळलंय म्हणून."

मी हातातल्या केसपेपरची घडी घालत राहिलो.

"मालकाला सांगू नको. गल्लीला बी नको, गल्ली काय, उद्या दुसरं कायतरी बोलंल. माझ्या पोरीला तेवढं एकदा येऊन सांग. माझं ती ऐकून घेती, पण मानत न्हाई. तू बाहेरचा हायस, शिकलेला हायस."

"येतो अक्का. या आयतवारी येतो."

त्या रविवारी मी निघालो होतो. बोळाच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. पुढच्या रविवारी निघालोही नाही. मग साथ आली, सगळं बंद झालं, आणि बंद असण्याचं एक बरं कारण मला मिळालं. साथ ओसरल्यावर किराणावाला बोलता बोलता म्हणाला, "ती पुठ्ठेवाली अक्का गेली, तुमाला कळलं असंल की." मी म्हटलं, "व्हय." मला कळलेलं नव्हतं.

तर तो स्पेनचा कागद बघून आलो त्या आठवड्यात मी तिच्या मुलीकडे गेलो. ती आता तिशीच्या आसपास आहे. त्याच घरात राहते, शाळेच्या गणवेशांचं कटिंग करते. जमिनीवर निळ्या कापडाचे थर आणि ती त्यावर वाकलेली. मी कोण ते सांगितलं. तिने स्टूल दिलं, पाणी दिलं. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, पोत्यापासून बॉयलरपर्यंत. सिव्हिलच्या रांगेतलंही सांगितलं.

ऐकता ऐकता तिने हातातली कातर तेवढी खाली ठेवली.

मग म्हणाली, "काका, मी आईला माफ केलं होतं."

मला आधी नीट कळलं नाही.

"ती सांगायची, मी केलं न्हाई, केलं न्हाई. मला वाटायचं, माझ्या क्लाससाठी केलं आणि आता लाजती. शेवटी आजारी होती तेव्हा मी तिला म्हटलं, आई, केलं असलंस तर असू दे, माझ्यासाठीच केलंस ना, मी माफ केलं तुला. मला वाटलं तिला बरं वाटंल." तिने खालच्या निळ्या कापडाची घडी सरळ केली. "त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला न्हाई. मला वाटलं, कबूल झाली."

बाहेर कुठल्या तरी घरात माग चालू होता. एरवी त्या आवाजाकडे माझं लक्ष जात नाही.

ती उठली आणि फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत एकोणीस चिठ्ठ्या होत्या, वीतभर लांबीच्या, कडा मऊ झालेल्या. अक्काने त्या दोरीत ओवून ठेवल्या होत्या, नंबरवार, मागावर चढवायच्या असल्यासारख्या. मुलीने दोरी सोडली आणि एक चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"जुळवून दाखवा."

"कशाशी जुळवू? दुसरा अर्धा मी जाळला."

"ते सांगितलंत. तरी म्हटलं." ती चिठ्ठीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होती, अर्ध्या भोकांवरून. मग तिने वहीतलं एक पान फाडून पेन दिलं. "दोन ओळी लिहा. आईनं काही केलं नव्हतं, म्हणून. आणि सही करा."

मी लिहिलं आणि सही केली. तिने तो कागद उचलून चिठ्ठीच्या शेजारी धरला. कापड कापणाऱ्या माणसाची नजर तिची. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"सही तीच हाय," ती म्हणाली.

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर तिने विचारलं, "तुम्ही लिहिता का काही? हिशेबाशिवाय?"

"न्हाई."

"मग लिहा. दोन ओळींत भागत न्हाई हे. सगळं लिहा, कुठं तरी छापून येईल असं. नाव मात्र कुणाचं टाकू नका. आईचं नाव आता कुणाच्या तोंडात नको मला."

म्हणून यात कुणाचंच नाव नाही. माझंही नाही, आणि त्याचा फायदा मला होतो हेही मला दिसतं.

वळून बघितलं तेव्हा ती चिठ्ठ्या परत दोरीत ओवत होती. नंबर बरोबर लावले होते, पण गाठ तिला जमत नव्हती. आवळली की सरकायची, सोडून परत घालायची, परत सरकायची. ती गाठ मला येते. मी दारात उभा होतो आणि माझे हात आपोआप थोडे वर आले.

तिने ते बघितलं. "असू द्या," म्हणाली, आणि तिला येत होती तशी साधी गाठ मारून डबा बंद केला.